आकड्याच्या जागी श्री

मशीननं मला माझं नाव विचारलंच नाही. म्हणजे विचारल्यासारखं केलं. आधी रोल नंबर मागितला, मी आकडा टाकला, एंटर दाबलं. मग 'नाव टाका' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटली आणि मी पहिल्या अक्षराकडं बोट नेतेय तोवर तिच्याखाली 'गाव टाका' आलंसुद्धा. मी अशी दचकले की माझी खुर्ची मागच्या पोरीच्या टेबलावर जाऊन आदळली. अगं बाई, हे काय झालं? मी काहीच दाबलं नव्हतं. चोरी पकडल्यावर माणूस दाखवतो तसे मी दोन्ही हात वर धरून बघितले.

ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातली, हिवाळ्यातली सी लँग्वेजची प्रॅक्टिकल परीक्षा होती. घाबरून मी गावाच्या जागी माझं नाव टाकून टाकलं. पडद्यावर उत्तर आलं तेव्हा नावापुढं कोरं होतं आणि गावाच्या जागी मी, माझे वडील आणि आमचं आडनाव असे सगळे बसलेलो. परीक्षक मागं येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "काय गं, सिल्लोडच्या वाटेवर तुझ्या नावाचं गाव वसवलंय का?" सगळी लॅब हसली. माझं डोकं आधीच तापट, त्यात लोक हसले की मला दिसायचं बंद होतं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. शेवटी मी रागानं बटण दाबून मशीनच बंद करून टाकली. तिच्याबरोबर माझा प्रोग्रॅमही गेला, दाखवायला काही उरलं नाही आणि मी नापास झाले.

आमच्या घराण्यात कॉलेजात नापास व्हायला माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलंच नव्हतं. आम्ही मेंढरामागं फिरणारी माणसं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई वर्षातले आठ महिने कळप घेऊन रानोमाळ असायचे आणि पावसाळ्यात सिल्लोडकडच्या गावी परत यायचे. मी आश्रमशाळेत शिकले, दहावीला बरे मार्क पडले, आणि शहरात चिकलठाण्याजवळ राहणारी आत्या म्हणाली की पोरीला माझ्याकडं ठेव. शहराच्या कडेला, कालपरवापर्यंत ज्वारीचं रान होतं तिथं एक खाजगी पॉलिटेक्निक नव्यानं उभं राहिलं होतं. त्याच्या भिंतींना अजून रंग नव्हता, पण कॉम्प्युटरची लॅब होती. मी कॉम्प्युटर घेतलं, का घेतलं ते देवाला ठाऊक.

नापास झाल्याचं आत्यानंच फोनवर आबांना सांगितलं. मी शेजारी उभी होते, फोनमधून त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. "उन्हाळ्यात पुन्हा बसू दे तिला. तवाबी नाय झालं तर म्या सोता येऊन घेऊन जाणार. मेंढरामागं माणूस कमी पडतंय, आन् औंदा स्थळंबी येऊ लागलीत." आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि फोन ठेवून दिला. म्हणजे उन्हाळ्याची ती एक परीक्षा, आणि ती गेली की काठी हातात, नाहीतर हळद अंगाला. मला मेंढरांचा तिटकारा नव्हता, खोटं कशाला बोलू. पण मी पुढं कळप आणि मागं कुत्रं अशी आयुष्यभर चालणार होते तर मग एवढी इंग्रजी पुस्तकं पाठ करायला लावली कशाला, असा माझा सवाल होता. तो विचारायची हिंमत मात्र नव्हती.

पाऊस त्या आधीच्या वर्षी रुसला होता आणि त्या वर्षी तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. मका गुडघ्याएवढी होऊन वाळली. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. आमच्या गल्लीत टँकर आला की बाया पाइप ओढत एकमेकींच्या अंगावर जायच्या, आणि आत्या त्यात सगळ्यात पुढं. इकडं पाणी नाही आणि तिकडं शहर मात्र वाढतच चाललेलं. जिकडं बघावं तिकडं खांब रोवून तारा ओढलेल्या आणि प्लॉटच्या पाट्या. आबा दर रविवारी संध्याकाळी फोन करायचे. "गंगथडीला हाय बाई," म्हणायचे. गंगथडी म्हणजे गोदावरीच्या काठचा मुलूख, तिथं थोडाफार पाला मिळतो. मेंढरं कशी आहेत विचारलं की "बरी हायत" म्हणायचे आणि लगेच, "अभ्यास करतीस का नाय? नायतर म्या येतोय बघ." एवढंच बोलणं. मी पुन्हा पुस्तक उघडायची.

मशीननं माझं नाव का विचारलं नाही, हे मला लॅबच्या मॅडमनी सांगितलं. मॅडम तरुण होत्या, उस्मानपुऱ्यातून स्कूटीवर यायच्या, आणि रागावल्या तरी अंगावर ओरडायच्या नाहीत. म्हणाल्या, "तू आकडा टाकलास आणि मग काय दाबलंस?"

"एंटर."

"आकडा मागणारानं फक्त आकडा उचलला. एंटर तिथंच दारात राहिलं. मग नाव मागणारा आला. त्याला सांगितलेलं असतं की एंटर दिसेपर्यंत जे येईल ते घे. त्याला आल्या आल्या एंटरच दिसलं. त्याला वाटलं, झालं, ओळ संपली. रिकामं नाव घेऊन तो पुढं गेला."

मी तोंडावर हात ठेवला. म्हणजे मशीन बिघडलेली नव्हती, कुणाची नजर लागलेली नव्हती, परीक्षकानं काही केलेलं नव्हतं. मीच दाबलेलं एक बटण आत पडून राहिलं होतं आणि त्यानं माझं नाव गिळलं होतं. मला इतका धक्का बसला की मी मॅडमना विचारलं, "मग पुस्तकात हे का लिहिलं नाही?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "लिहिलंय. तू वाचलं नाहीस."

त्यावर सगळी पोरं एक मंत्र म्हणायची: एफफ्लश. आकडा घेतला की ती ओळ लिहायची, म्हणजे दारात जे काही उरलंय ते झाडून निघतं. मॅडमना तो मंत्र आवडायचा नाही. म्हणायच्या, आपल्या या जुन्या मशीनवर चालतं, दुसरीकडं चालेलच असं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. काहीही मागायचं असो, आकडा असो की नाव, आधी अख्खी ओळ आत घ्या आणि मग तिच्यात काय आहे ते बघा. आणि ओळ घेताना भांडं केवढं आहे ते सांगा. गेट्स नावाचा जो सोपा प्रकार होता त्याला भांड्याचं माप ठाऊक नसतं. ड्रम भरला तरी पाइप चालूच, पाणी शेजारच्याच्या उंबऱ्यात. हे ऐकल्यावर टँकरवरची अख्खी गल्ली माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला ते एका झटक्यात कळलं. तेव्हापासून मी गेट्स सोडून एफगेट्स वापरायला लागले, त्यात माप सांगावं लागतं. पण मंत्र काही सुटला नाही. घाईत हात तिकडंच जायचा.

माझ्या शेजारच्या मशीनवर शहागंजातल्या कपड्याच्या दुकानदाराची पोरगी बसायची. तिचा विषय पहिल्या झटक्यात निघाला होता, तरी मी सराव करताना ती माझ्याजवळ येऊन बसायची आणि काजू खात माझ्या चुका मोजायची. मी वैतागून टेबलावर हात आपटला की म्हणायची, "काइकू मशीन कू मार रई? उसने क्या करा? तू जो बोली वोइच कर रा ना वो." ती असं बोलली की मला तिचा राग यायचा, आणि खरं म्हणजे तिचंच बरोबर असायचं.

उन्हाळ्यातल्या परीक्षेच्या दिवशी मी सकाळी कॉलेजच्या फाटकात शिरले आणि तिथंच थांबले. व्हरांड्यात आबा बसले होते.

खांद्यावर घोंगडं, डोक्याला तांबडं पागोटं, लॅबबाहेर पोरांनी काढून ठेवलेल्या चपलांच्या रांगेशेजारी त्यांनी स्वतःच्या वहाणाही नीट लावून ठेवलेल्या. माझ्या मनात एकच आलं: निकाल लागायच्या आधीच घ्यायला आले! परीक्षा द्यायच्या आधीच माझा बाप माझं बोचकं बांधायला आला! मी जवळ गेले, पाया पडले, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"आबा, आजच न्यायचं का?"

"आधी परीक्षा दे," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलंही नाही. ते लॅबच्या एसीच्या पाइपाकडं बघत होते. पाइपातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि शिपायानं खाली बादली लावली होती, त्या दिवसांत कुणी पाणी वाया घालवत नव्हतं. "हे पानी कुठून येतंय गं? वर टाकी हाय का?"

"टाकी नाही. हवेतलं पाणी आहे."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांची थट्टा करतेय. "हवेतलं? इथं नदीत नाय आन् हवेत हाय?" ते बराच वेळ त्या बादलीकडं बघत राहिले. मला आत जायची घंटा झाली.

लॅबमध्ये गारवा होता. बाहेरून आलेले परीक्षक नवे होते, वयानं मोठे, कपाळाला गंध, अंगात पांढरा कडक शर्ट. बोलणं शुद्ध, सावकाश. माझ्या वाट्याला जी चिठ्ठी आली तिच्यावर लिहिलं होतं: किती ओळी घ्यायच्या ते विचारा, तेवढ्या ओळी घ्या, आणि त्यातली सगळ्यात लांब ओळ छापा. मी मनात म्हटलं, देवा, एवढं सोपं? हे तर मी झोपेत करीन. मी लिहिलं. ओळींची संख्या विचारली. कुणी शून्य किंवा उणे टाकलं तर पुन्हा विचारावं म्हणून तिथं एक फेरा घातला, योग्य आकडा मिळेपर्यंत विचारतच राहायचं. फेऱ्याच्या बाहेर आल्यावर एफफ्लश, दार झाडून साफ. मग एफगेट्सनं एकेक ओळ. दोनदा चालवून बघितलं. लोण्यासारखं चाललं. शेजारच्या रांगेत बसलेल्या मॅडमनी लांबूनच मान डोलावली.

परीक्षक माझ्या मागं आले. म्हणाले, "चालव." मी चालवलं. पडद्यावर 'किती ओळी?' अशा अर्थाची ओळ आली. मी उठून त्यांना जागा दिली, कारण परीक्षक स्वतः टाइप करून बघतात. ते खुर्चीत बसले, बाह्या मागं केल्या, क्षणभर डोळे मिटले आणि एका बोटानं टाइप केलं: श्री. इंग्रजी अक्षरांत, एस, एच, आर, आय. आणि एंटर.

त्यांची ती रीतच होती, हे मला मागाहून कळलं. कोरी वही असो, नवं पेन असो की पोरांचा प्रोग्रॅम, पहिलं अक्षर श्री. आमच्याकडंही दुकानाच्या पाटीवर, पत्रिकेवर श्री असतंच, त्यात नवल नाही. बहुतेक पोरांचे प्रोग्रॅम आधी नाव विचारायचे, तिथं श्री खपून जायचं. माझ्या प्रोग्रॅमनं आकडा मागितला होता, आणि पडद्यावर काय लिहिलंय ते परीक्षकांनी वाचलंच नव्हतं.

मग जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. 'किती ओळी?' खाली पुन्हा 'किती ओळी?' त्याखाली पुन्हा. मग ओळी मोजता येईनात, अख्खा पडदा वरवर धावायला लागला, एकच प्रश्न, एकच प्रश्न, थांबायचं नाव नाही. परीक्षक बसल्या जागी ताठ झाले. त्यांनी हात कळफलकावरून असे उचलले की जणू तो तापलेला तवा आहे. "हे काय? हे काय आहे?" त्यांचा आवाज चिरकला. मागून कुणीतरी म्हणालं, "व्हायरस आला, व्हायरस!" पोरं आपापली मशीन सोडून उभी राहिली. लॅबचा शिपाई धावत आला आणि सरळ मेन स्विचकडं निघाला.

"नक्को!" मी ओरडले. कशी ओरडले ते मला कळलं नाही, आणि शहागंजच्या मैत्रिणीची बोली माझ्या तोंडात कशी आली तेही नाही. पण स्विच गेला असता तर सगळंच गेलं असतं, कारण मला आठवत नव्हतं की मी प्रोग्रॅम सेव्ह केलाय का. आठवतच नव्हतं! एफ-टू दाबलं होतं का नव्हतं? डोक्यात नुसता पांढरा उजेड. पुन्हा तेच, पुन्हा कोरं, पुन्हा दाखवायला काही नाही, आणि बाहेर आबा बसलेले.

मी परीक्षकांच्या खांद्यावरून हात घालून कंट्रोल आणि ब्रेक एकत्र दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडदा धावायचा थांबला, निळा झाला, आणि त्या निळ्यावर माझा प्रोग्रॅम जसाच्या तसा दिसला. मी आधी सेव्ह केलं. मग श्वास घेतला.

परीक्षक माझ्याकडं वळले. त्यांच्या कपाळाचं गंध घामानं ओघळलं होतं. "तुझ्या प्रोग्रॅमला श्री चालत नाही?" ते म्हणाले. म्हणजे चूक माझी तर होतीच, वर पापही माझंच.

माझी जीभ, आई नेहमी म्हणायची, लगाम नसलेली. "सर, त्यानं आकडा मागितला होता."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. परीक्षकाला उलटून बोलणारी पोरगी, तीही दुसऱ्यांदा बसलेली! हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच्या हातानं मातीत टाकला होता. मला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं, आबांना तोंड तरी दाखवायला नको.

परीक्षकांनी पडद्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "बरं. आकडा मागितला, मी अक्षरं दिली. चुकलं. लोक चुकणारच. पण मग हा वेड्यासारखा का धावला? एकदा चूक झाली, एकदा विचारावं. सांग. सांगता आलं नाही तर मार्क नाहीत."

मी पडद्याकडं बघितलं. आणि खरं सांगते, तोपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. मग मॅडमचं ते दार आठवलं, दारात राहिलेलं एंटर. आणि दार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आमची वाघर आली, रात्री मेंढरं कोंडतात ते जाळीचं कुंपण.

"सर, आमच्यात सकाळी जाळीच्या फटीतून एकेक मेंढरू बाहेर सोडतात. वडील फटीशी उभे राहून बघतात, लंगडं आहे का, आजारी आहे का. पुढचं मेंढरू फटीतच बसलं तर मागचं एकही हलत नाही. वडील पुन्हा बघणार, पुन्हा तेच मेंढरू. त्याला उचलून बाजूला केल्याशिवाय दुसरं दिसणारच नाही." मी थांबले. कुणी हसलं नाही, म्हणून पुढं बोलले. "तुम्ही दिलेला शब्द आकडा नव्हता म्हणून मशीननं उचलला नाही. फेकलाही नाही. तो दारातच बसून राहिला. मी पुन्हा विचारलं, तर समोर तोच शब्द. दार झाडायची ओळ मी फेऱ्याच्या बाहेर लिहिलीय, आणि फेऱ्यातून बाहेर येताच येत नाही."

"मग?"

"मग आकडा थेट मागायचाच नाही. अख्खी ओळ घ्यायची, शब्द असो की आकडा. मेंढरू लंगडं असलं तरी आधी बाहेर काढायचं, मग बघायचं."

"कर."

मी खुर्चीत बसले. घाईत एक अक्षर दाबायला गेले तर दोन उमटायची. एक भांडं घेतलं, माप सांगितलं, एफगेट्सनं ओळ आत घेतली, तिच्यातून आकडा काढायला सांगितलं. आकडा नसेल तर शून्य येतं, आणि शून्य आलं की फेरा पुन्हा विचारणार. चालवलं. उठून जागा दिली.

परीक्षकांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा टाइप केलं: श्री. एंटर. अख्खी लॅब त्या पडद्याकडं डोळे लावून बसली होती. पडद्यावर एकदाच, शांतपणे आलं, 'किती ओळी?' आणि पुढं कर्सर लुकलुकत थांबला.

त्यांनी तीन टाकलं, तीन ओळी टाकल्या, सगळ्यात लांब ओळ बरोबर छापून आली. ते उठले, रुमालानं कपाळ पुसलं. म्हणाले, "मला ठाऊक होतं. तुला ठाऊक आहे का ते बघायचं होतं." खरं की खोटं, त्यांचं त्यांनाच ठाऊक, मला त्याच्याशी काय करायचंय! कारण पुढं ते मॅडमना म्हणाले, "हिचा विषय निघाला. आता पुढच्या वर्षाचं बघायला सांगा हिला." असं परीक्षक सांगत नसतात. मॅडमनी जवळ येऊन माझा हात इतक्या जोरात दाबला की माझी बांगडी फुटली.

मी धावतच बाहेर आले. चप्पल घालायचंही भान नव्हतं, व्हरांड्याची फरशी तापलेली, पाय भाजत होते. "आबा! पास झाले! परीक्षकांनी स्वतः सांगितलं!"

मला वाटलं होतं ते "बरं झालं" म्हणतील आणि घोंगडं झटकून उठतील. ते उठले नाहीत. "व्हय?" म्हणाले. "खरं सांग माय. नक्की?" मी म्हटलं नक्की. मग त्यांनी दोन्ही हातांनी पागोटं धरलं, मान खाली घातली आणि ते रडायला लागले. मी आयुष्यात आबांना रडताना बघितलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही. आनंदानं माणूस असं रडत नाही, एवढं मला कळत होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी थट्टा केली. "आता कसं? आता मेंढरामागं एकटेच जा. मी नाही येत माघारी."

"माघारी कुठं, बाई?" त्यांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. "मेंढरं नाय राहिली. समदी दिली इकून."

"कधी?"

"संक्रांतीच्या आधीच."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पण तुम्ही तर गंगथडीला..." आणि मग कळलं. रविवार आले डोळ्यांसमोर, एकेक फोन आठवला. बरी हायत. बरी हायत.

"चाऱ्याच्या छावणीत गाया-बैलं घेत्यात, मेंढरं घेत न्हाईत," आबा म्हणाले. "पानी नाय. आन् जिथं म्हणून मेंढरं बसवायचो तिथं समद्या तारा ओढल्या, प्लाट पडले. किती दीस तगवणार? बीड बायपासला इमारतीचं काम चाललंय, तिथं राखणीला हाय म्या. तुजी आईबी तिथंच हाय, इटा वाहती. आत्याला ठावं हाय. म्याच सांगितलं तिला, पोरीला बोलू नगंस."

म्हणजे ते याच शहरात होते. मी रात्री जागून ओळी मोजत होते तेव्हा माझा बाप याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी अर्ध्या इमारतीत सिमेंटच्या गोण्यांवर झोपत होता. माझी आई विटा वाहत होती, आणि मला वाटत होतं ती गोदावरीच्या काठी मेंढरांना पाणी पाजतेय. माझ्या कळपातली एकेक मेंढी मला तोंडानं ओळखू यायची, काळ्या कानाची, फुटक्या शिंगाची, मी शाळेतून आले की माझ्या परकराला तोंड लावणारी. त्यातली एकही आता नव्हती, आणि मी गेले कित्येक महिने त्यांच्याच नावानं बोटं मोडत होते. मी तिथंच तापलेल्या फरशीवर बसले. रडूही येईना. संताप मात्र आला, असा आला की मी बापावर ओरडले.

"मग सांगितलं का नाही मला? दर रविवारी भीती घालत होतात, येतो म्हणून, घेऊन जातो म्हणून!"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिशी शाळा सोडून इटा वाहायला आली असती. तुजा सभाव म्हाईत नाय का मला?" त्यांनी नाक पुसलं. "भ्या असलं की पोरगी अभ्यास करंल, म्हटलं. आज सकाळपासनं मातर राहवलं नाय. मालकाला सांगून आलो."

डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती विचारल्याशिवाय मला उठता येईना.

"आणि मी आज नापास झाले असते तर? कुठं नेणार होतात मला, आबा?"

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"त्येच तर सकाळपासून हितं बसून इचार करत होतो, माय," ते म्हणाले. "काय सुचत नव्हतं."